बेदाण्याला कुठं ठेवायचं

बेदाणा त्या दुकानाची पायरी चढला तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की हा इथं पहिल्यांदा आलेला नाही.

नव्या जागी कुत्रं आधी वास घेतं. उंबऱ्याशी थांबतं, मालकाकडं बघतं. बेदाण्यानं यातलं काही केलं नाही. माझ्या हातातली साखळी ओढत तो सरळ आत गेला, काउंटरच्या डाव्या बाजूच्या फटीतून मागं शिरला आणि डाळीच्या पोत्यांआड दिसेनासा झाला. साखळी ताणली म्हणून मलाही एक पायरी चढावी लागली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"आला का रे राजा?" आतून आवाज आला. "बेदाणा, अरे किती दिवसांनी..."

मग गुरुपाद शेटे उभा राहिला आणि त्यानं मला बघितलं. पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

"साहेब," तो म्हणाला. "या की. बसा."

"बसायला आलो नाही. आमच्या गल्लीत पाइपसाठी रस्ता उकरलाय, म्हणून इकडून आलो. कुत्र्याचं नाव तुम्हाला कुठनं कळलं?"

"आता काय साहेब. बेदाणे तासगावात पोत्यानं आहेत, पण भुंकणारा एकच आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

तो हसला. मी हसलो नाही. बोलताना त्याचा उजवा हात काट्याकडं गेला होता आणि काट्यावरचं पातेलं तो उगाच सरळ करत होता. ते सरळच होतं.

मी तेहतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. दुकानदाराचं तोंड मी कधी बघितलं नाही, हात बघितले. तोंड काहीही सांगतं.

साखळी ओढून मी बेदाण्याला बाहेर काढलं. तो निघायला तयार नव्हता. पायरीवरून उतरतानाही मान मागं करून बघत होता.

शेट्याची आणि माझी गोष्ट गावाला माहीत आहे. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या दुकानावर मी धाड घातली होती. तेव्हा पारड्यांचा तराजू असायचा. माल ठेवायच्या पारड्याखाली मी बोटं फिरवली तर चिंच हाताला लागली. वाळलेली, नीट थापून बसवलेली. किलोमागं वीस ग्रॅम. पंचनामा केला, तराजू जप्त केला, खटला भरला. पेपरात दोन ओळी आल्या. त्या दिवशी घरी येऊन मी शालनला सांगितलं, "त्या दुकानातलं मीठसुद्धा या घरात येता कामा नये."

शालन म्हणाली, "बरं."

शालन म्हणजे माझी बायको. या सगळ्याच्या आधी पंधरा महिने, आषाढात, ती गेली. पोटात गाठ होती. मला कळल्यापासून तीन आठवड्यांत सगळं संपलं. स्मशानात शेटे आला होता. पार लांब, लिंबाखाली उभा होता. मला वाटलं, माझं काय झालंय ते बघायला आलाय.

आमच्या घरात भांडणं व्हायची नाहीत असं नाही. पण एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगत असे, की शालननं माझ्यापासून काही लपवलं नाही. ती गेल्यावर तर मी तेवढंच धरून होतो.

त्याच आठवड्यात उज्ज्वलाचा फोन आला. माझी मुलगी, पुण्याला असते.

"आप्पा, तिकिटं काढलीत. दिवाळीनंतर केरळ. आठ दिवस. नाही म्हणायचं नाही."

"बेदाण्याचं काय?"

"मला ठाऊक होतं हे येणार म्हणून. सांगलीला कुत्र्यांचं हॉस्टेल निघालंय. मी बोललेय त्यांच्याशी. रोज फोटो पाठवतात."

"फोटोत काय कळतंय?"

"मग तुम्ही स्वतः जा, धाड घाला. त्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही."

मी गेलो. बेदाण्याला रिक्षातून घेऊन गेलो. जागा स्वच्छ होती, पंखे होते, पाणी ताजं होतं, माणूस गोड बोलत होता. मला एकही चूक सापडली नाही, त्यामुळं संशय जास्तच आला. त्या माणसानं सांगितलं, दहा मिनिटं सोडून बाहेर थांबा, बघू काय करतो. मी फाटकाबाहेर गेलो आणि बेदाण्यानं सूर लावला.

हा सूर आमच्या गल्लीला पाठ होता. बेदाण्याला एकटं टाकून गेलं की तो मान वर करून असा रडायचा की शेजारचे देसाई गुरुजी संध्याकाळी मला रस्त्यात गाठून वेळ सांगायचे. "आज अकरा ते पावणेबारा, वसगडे. सकाळची शाळा सुटल्यावर पोरं ऐकायला थांबली होती."

हॉस्टेलवाला बाहेर आला. "काका, हा इथं खाणार नाही. म्हातारं कुत्रं आहे. आजवर ज्यांच्याकडं ठेवत होता त्यांच्याकडंच ठेवा."

ते बरोबर होतं. आम्ही तीनदा घर बंद करून गेलो होतो. एकदा गिरनारला, एकदा गणपतीपुळ्याला आणि उज्ज्वलाच्या बाळंतपणाला पंधरा दिवस पुण्याला. तिन्ही वेळा शालन म्हणाली होती, "तुम्ही बॅगा भरा. बेदाण्याचं मी बघते." मी ऑफिसातून येईपर्यंत बेदाणा पोचवलेला असायचा. कवठे एकंदला तिची मावसबहीण कमल राहते, तिच्याकडं. असं शालननं सांगितलं होतं.

मी कमलला फोन लावला.

"आमच्याकडं?" कमल म्हणाली. "न्हाई वो दाजी. आमच्यात तीन मांजरं हायती. शालूताईनं कुत्रं कवाच आणलं न्हाई इकडं."

"पुण्याला गेलो होतो तेव्हा? पंधरा दिवस?"

"न्हाई की. का वो? काय झालं?"

मी काही नाही म्हणालो आणि फोन ठेवला. बेदाणा दाराशी बसला होता. मी त्याच्याकडं बघत राहिलो. या कुत्र्याला ठाऊक होतं आणि मला ठाऊक नव्हतं.

माणूस एकटा राहायला लागला की विचार करायला वेळ फार मिळतो. शालन बोलली त्यातलं आणखी काय खरं नव्हतं? मीठ आणू नको म्हटलं होतं त्या दुकानात तिचं कुत्रं पंधरा दिवस राहत होतं. म्हणजे ती तिथं जात होती. किती वेळा? कशाला? शेटे माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. बोलायला मोकळा. बायकांना हसवणारा. साठ वर्षांच्या माणसानं मेलेल्या बायकोबद्दल असा विचार करू नये हे मला कळत होतं. पण मी केला.

आमच्या कामात आधी विचारायचं नसतं. आधी चाचणी खरेदी करायची. साधं गिऱ्हाईक होऊन माल घ्यायचा आणि मग तोलून बघायचा. मी दुसऱ्या दिवशी बेदाण्याला घेऊन शेट्याच्या दुकानात गेलो.

"अर्धा किलो शेंगदाणे द्या."

शेटे माझ्याकडं बघत राहिला. मग आत वळून म्हणाला, "अगं, ऐकलंस का? साहेब शेंगदाणे मागायलेत."

आतून त्याची बायको महानंदा बाहेर आली, पदर सारखा करत. बेदाणा तिच्या पायांशी घुटमळला, तिनं नकळत त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून पटकन काढून घेतला.

मी ते बघितलं.

बेदाणा पुन्हा मागं गेला. या खेपेला मी वाकून बघितलं. डाळीच्या पोत्यांमागं भिंतीला लागून एक मोठं बारदान चौपदरी करून अंथरलं होतं. माणूस आडवा होईल एवढं. बेदाणा त्याच्या एका कडेला, अगदी कडेला, अंगाचं मुटकुळं करून झोपला. बाकी सगळी जागा मोकळी होती.

"हे कुणाला अंथरलंय?" मी विचारलं.

"पोतं आहे साहेब. पडलेलं असतं."

हात पुन्हा पातेल्यावर.

घरी येऊन मी माझा काटा काढला. शेंगदाणे पाचशे पाच ग्रॅम भरले. पाच जास्त. आता दुकानदार कमी देतो तेव्हा तो चोर असतो एवढं साधं आहे. पण जास्त देतो तेव्हा त्याला काहीतरी झाकायचं असतं. मी असं धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेलो. गल्लीत ऊन होतं, गिऱ्हाईक नव्हतं. शेटे पेपर वाचत होता, महानंदा तांदूळ निवडत होती. बेदाणा मागं गेला आणि पाणी प्यायला लागला. लपलप आवाज आला, मग स्टील फरशीवर सरकल्याचा आवाज आला. तो आवाज मला ओळखीचा वाटला. आमच्याही घरी तो भांडं असंच ढकलत ढकलत प्यायचा.

मी काउंटरच्या फटीतून आत गेलो. शेटे "साहेब, साहेब" म्हणत उठला. मी वाकून भांडं उचललं, उरलेलं पाणी फरशीवर ओतलं आणि उजेडात धरलं.

उज्ज्वलाच्या लग्नात आम्ही आहेर म्हणून स्टीलची पातेली वाटली होती. पन्नास नग. प्रत्येकावर नाव घालून घेतलं होतं. नाव घालणाऱ्यानं कानामात्रे वाकडे काढले होते म्हणून मी त्याच्याशी हुज्जत घातली होती. त्याच वाकड्या अक्षरांत त्या भांड्यावर लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. उज्ज्वला हिच्या विवाहाप्रीत्यर्थ. य. रा. वसगडे.'

"शेटे," मी म्हणालो, "तुम्हाला मी लग्नाचं आमंत्रण दिलं नव्हतं."

"नव्हतं साहेब."

"मग माझ्या नावाचं भांडं तुमच्या दुकानात कसं?"

"वहिनींनी दिलं. ह्याला पाणी प्यायला."

"कधी?"

"तुम्ही परगावी जायचा तेव्हा ठेवून जायच्या."

"किती वेळा?"

शेट्यानं बायकोकडं बघितलं. "असंच. पंधरा-सोळा वेळा."

"आम्ही तीन वेळा गावाला गेलो. तीन. नीट आठवा आणि सांगा. माझ्यापुढं अंदाजे बोलायचं नाही."

"साहेब, तुम्ही काय पंचनामा करताय का?"

"करतोय."

"मग पंच बोलवा दोन," शेटे म्हणाला. त्याचाही आवाज चढला होता. "गल्ली गोळा करा. एकोणीस वर्षांपूर्वी केली होती तशी. मी चिंच लावली होती, लावली. कबूल केलं, दंड भरला, आईच्यान् पुन्हा कधी लावली नाही. आता काय लावलंय ते सांगा."

"माझी बायको इथं कशाला येत होती?"

हे मी मोठ्यानं बोललो. बोलल्यावर ते मलाच ऐकू आलं. महानंदानं तांदळाचं ताट खाली ठेवलं.

"अहो, सांगून टाका," ती नवऱ्याला म्हणाली. "माणूस कुठल्या कुठं चाललाय बघा. किती दिवस धरून बसणार?"

"मी शब्द दिलाय."

"ज्यांना दिला त्या राहिल्यात का आता?"

"म्हणून तर," शेटे म्हणाला. "त्या असत्या तर परत घेतला असता."

मी हातात भांडं धरून उभा होतो. शेवटी महानंदाच उठली. तिनं मला स्टूल दिलं. मी बसलो नाही, तर ती म्हणाली, "बसा दादा. उभ्यानं ऐकायचं नाही हे."

मी बसलो.

"शालनताईंची आणि माझी ओळख गणपतीच्या रांगेतली," ती म्हणाली. "तुमचं-आमचं वाकडं असलेलं दोघींना ठाऊक होतं. आम्ही त्यावर हसायचो. पहिल्यांदा तुम्ही गिरनारला निघालात तेव्हा त्यांच्या बहिणीकडं मांजरं, म्हणून मीच म्हटलं, द्या आमच्याकडं. तीन वेळा ते. ते बरोबर आहे तुमचं. बाकीचे मंगळवार."

"कसले मंगळवार?"

"तुमची चौकशी चालली होती बघा. शेवटच्या वर्षी."

चालली होती. नोकरीचे चार महिने राहिले असताना एका व्यापाऱ्यानं माझ्यावर लाच मागितल्याची तक्रार केली होती. खोटी होती, पुढं खोटी ठरली. पण ते चार महिने मी घरात दुसरं काही बोललो नाही. जेवताना तेच, झोपताना तेच. शालननं माझ्यासाठी मंगळवार धरले होते. दिवसभर उपास आणि गणपती. ती वाळत चालली होती तेव्हा मी म्हणालो होतो, "एवढे कडक उपास करू नको." ती म्हणाली होती, "तुमची चौकशी सुटली की सोडते."

"महाशिवरात्रीनंतरचा पहिला मंगळवार," महानंदा म्हणाली. "सकाळी नऊच्या मिरज गाडीनं त्या पहिल्यांदा दवाखान्यात गेल्या. पोटात दुखत होतं. डॉक्टरांनी गाठ सांगितली, लगेच ऑपरेशन करू म्हणाले. ह्या म्हणाल्या, मेअखेरीला आमचे हे रिटायर होतील, तोवर थांबते. डॉक्टर लई रागावले. मग दर मंगळवारी इंजेक्शन घ्यायला जायच्या. जाताना ह्याला इथं सोडायच्या. घरी एकटा ठेवला तर रडतोय, आणि रडला की गुरुजी तुम्हाला वेळ सांगणार. मग तुम्ही विचारणार, मंगळवारी दिवसभर कुठं होतीस?"

"इथंच का?" मी विचारलं. "गावात दुसरं घर नव्हतं?"

शेट्यानं नाक ओढलं. "मीपण हेच विचारलं होतं साहेब. तर म्हणाल्या, गावात कुठंही ठेवलं तरी ह्यांच्या कानावर जाईल. तुमच्याच दुकानाची पायरी ते चढत नाहीत. त्यांच्या रागाचा मला एवढा तरी उपयोग होऊ दे. असं म्हणून हसल्या."

ते वाक्य शालनचंच होतं. शेट्याला असं वाक्य रचता आलं नसतं.

"मी म्हटलं, मी जाऊन सांगतो साहेबांना," तो पुढं म्हणाला. "तर म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील का ते? वाटेल, ह्यानंच काहीतरी चिकटवलंय खाली."

महानंदा आत गेली आणि साखरेच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली फाईल घेऊन आली. जूनमध्ये शालननं मला सांगितलं आणि मी तिला मिरजेला नेलं तेव्हा मी नवी फाईल केली होती. मला आठवलं, त्या दिवशी डॉक्टरांनी तिचं नाव विचारलं नव्हतं. सरळ "या मावशी, आणलंत का मालकांना?" म्हणाले होते. बोलायची पद्धत असेल असं मला वाटलं होतं.

मी फाईल उघडली. आजाराचं लिहिलेलं मला समजत नाही. पण प्रत्येक कागदावर डाव्या कोपऱ्यात तारीख होती आणि तारखेखाली वजन होतं. दर मंगळवारचं. छप्पन. पंचावन्न पूर्णांक दोन. चोपन्न. त्रेपन्न पूर्णांक एक. बावन्न. मी एकेक कागद उलटत गेलो. शेवटच्या मंगळवारी सत्तेचाळीस.

नऊ किलो. पारड्याखालचे वीस ग्रॅम मला बोटांना कळायचे.

"दवाखान्यातून यायच्या ते चारच्या गाडीनं," महानंदा हळू आवाजात म्हणाली. "इंजेक्शनानं गळून जायच्या. लगेच घरी जाऊन स्वयंपाक करायचा म्हणजे... मी म्हणायचे, तासभर पडा. खाटेवर झोपा म्हटलं तर नको म्हणायच्या, दारातून दिसतं. मग हे तिथं मागं पोतं अंथरायचे. लिंबू-सरबत घ्यायच्या आणि पडायच्या. हा शेजारी. साडेपाचला उठून तोंड धुऊन घरी."

साडेसहाला मी यायचो. चहा तयार असायचा.

मी मागं वळून बघितलं. बेदाणा बारदानाच्या कडेला झोपला होता. बाकीची जागा त्यानं तशीच सोडली होती.

मी फाईल घेतली. भांडंही माझ्या हातातच राहिलं होतं, ते घरी आल्यावर लक्षात आलं. त्या रात्री उज्ज्वलाला फोन करून सांगितलं, "मी येतो. बेदाण्याची सोय झाली."

"कुणाकडं?"

"तुझी आई ठेवत होती तिथंच."

"कमलमावशीकडं ना? बरं झालं."

मी हो म्हणालो. आमच्या घरात तेवढं खोटं आधीपासून चालत आलं होतं.

निघायच्या सकाळी मी साडेआठ वाजता शेट्याच्या दुकानात गेलो. बेदाण्याची साखळी, खायचा डबा, ते भांडं आणि माझी बॅग घेऊन. कागदावर सगळं लिहून नेलं होतं. सकाळी एक भाकरी, संध्याकाळी एक, दुधात कुस्करून. गोड अजिबात नाही. शेट्यानं कागद घेतला, वाचला आणि घडी करून गल्ल्यात ठेवला.

"वहिनींनी एवढं कधी लिहून दिलं नव्हतं," तो म्हणाला.

"तिचा विश्वास होता."

"आणि तुमचा?"

त्यानं पोती तोलायचा मोठा काटा पुढं ओढला आणि त्यावर हात आपटला.

"चढवा ह्याला. वजन करून घ्या साहेब. आठ दिवसांनी नेताना वीस ग्रॅम कमी भरला तर परत जप्ती करा."

महानंदा म्हणाली, "गप बसा हो. सकाळी सकाळी."

पण तो थट्टा करत नव्हता. तो खरंच थांबला होता. आणि माझीही सवय अशी, की मी साखळी काट्याकडं ओढली. बेदाणा काट्यावर चढला नाही. तो काट्याला वळसा घालून फटीतून मागं गेला. मी काट्याकडं बघितलं, पुढं शून्य दिसत होतं.

"राहू दे," मी म्हणालो.

महानंदानं भांडं माझ्या हातातून घेतलं, पाण्यानं भरलं आणि मागं नेऊन ठेवलं.

मी पायरी उतरलो. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथं थांबलो. हे मी कबूल करतो. विश्वास वगैरे ठीक आहे, पण मला ऐकायचं होतं. बेदाणा रडणार हे मला ठाऊक होतं. रडला असता तर मी परत जाऊन त्याला घेऊन आलो असतो आणि केरळ रद्द केलं असतं. बॅग खाली ठेवून मी उभा राहिलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. एक सायकलवाला गेला, एका बाईनं दारात सडा घातला. दुकानातून आवाज आला नाही. मी घड्याळ बघितलं. पावणेनऊ झाले होते. पुण्याची रेल्वे मिरजेवरून होती. मी स्टँडवर गेलो आणि नऊच्या गाडीत चढलो.

गाडी भरली नव्हती. मी खिडकीशी बसलो. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, "मिरज? दवाखान्यात का?" त्या गाडीनं तिकडं जाणारे फार असावेत. मी नाही म्हणालो.

गाव मागं पडलं, द्राक्षाच्या बागा लागल्या, तरी माझ्या डोक्यात एकच होतं. घरात दहा मिनिटं एकटा राहिला तर रडणारं कुत्रं, सांगलीला दहा मिनिटांत रस्ता गोळा करणारं कुत्रं, आज गप्प कसं राहिलं? शेट्यानं काही खायला दिलं असेल का? तोंड बांधलं असेल का? मी हे सगळं धरून बघितलं. एकही बसत नव्हतं.

मग मला कळलं. आमच्या घरातून शालन गेली ती परत आली नाही. एकटं राहणं बेदाण्याला आधीही सोसत नव्हतं, त्यात त्यानं हे बघितलं होतं; तिथं तो रडणारच. शेट्याच्या दुकानातून मात्र ती दर मंगळवारी गेली आणि दर मंगळवारी परत आली. एकदाही चुकली नाही. तो त्या पोत्याच्या कडेला, तिची जागा सोडून पडला होता. त्याला रडायचं काही कारणच नव्हतं.

अजून फक्त सव्वानऊ झाले होते. चारच्या गाडीला वेळ होता.